विचारा की! : सेमीकोलनच्या जागी एन्ये

या वेळी स्पॅनिश टायपिंगवर चार पत्रं आलीत, दोन ठाण्याच्या बाजूची, दोन नवी मुंबईतली. चौघांच्या अडचणी वेगवेगळ्या, पण गाठ एकाच ठिकाणी बसलीय, म्हणून प्रिंटर आणि पेन ड्राइव्हवाले प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हेच.

प्रश्न : ताई, मी नौपाड्यात राहते, टीवायला आहे आणि आठेक महिने झाले स्पॅनिश शिकतेय. घरी विंडोज ११ वाला डेस्कटॉप आहे, कीबोर्ड साधा आपल्याकडे मिळतो तो. असाइनमेंट टाइप करायची असली की मी एन्ये (ñ, म्हणजे डोक्यावर लहरी रेघ असलेला एन) आणि डोक्यावर रेघ असलेली अक्षरं एका फाइलमध्ये साठवून ठेवलीत तिथून एकेक उचलून पेस्ट करते, आणि कंटाळा आला की सरळ साधा एन टाकते. मागच्या आठवड्यात बाईंनी माझ्या वयाच्या वाक्याला लाल गोल केला आणि बाजूला "नक्की काय म्हणायचंय?" असं लिहिलं, सगळा वर्ग हसला. स्पॅनिश छापलेला कीबोर्ड विकत घ्यावा लागेल का? बाबा म्हणतात आहे तो चालतोय ना.

उत्तर : बाबांचं ऐक, कीबोर्ड घेऊ नकोस.

आधी एक गोष्ट समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही, अमुक जागेची की दाबली एवढाच नंबर पाठवतो. एलच्या उजवीकडे तुझ्याकडे सेमीकोलन छापलंय, माद्रिदच्या मुलीकडे त्याच जागी एन्ये छापलंय, पण दोघींच्या वायरीतून जाणारा नंबर तोच. त्या नंबराचं अक्षर कुठलं करायचं ते विंडोज ठरवतं आणि विंडोजला ते आपण सांगायचं असतं, बस. मराठी इनस्क्रिप्टमध्ये नाही का आपण के छापलेली की दाबतो आणि क उमटतो, तसंच हे.

तर सेटिंग्ज उघड, टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथे ॲड अ लँग्वेज. एस्पान्योल शोधलंस की पुढे कंसात देशांची रांग दिसेल, त्यातला एस्पान्या घे. इन्स्टॉल करायच्या आधी डिस्प्ले लँग्वेज करू का अशी एक टिक असते ती काढून टाक, नाहीतर सगळा मेन्यू स्पॅनिशमध्ये होईल आणि बाबा ओरडतील. नुसता कीबोर्ड इंग्लिशच्या खालीही जोडता येतो, इंग्लिशच्या शेजारचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड, पण तू शिकतेयस म्हणून मी भाषाच जोड म्हणेन, म्हणजे वर्डमध्ये स्पॅनिश शब्दांखाली उगाच लाल नागमोडी रेघा येणार नाहीत आणि खऱ्या चुकीखाली येतील. आणि हो, कीबोर्डच्या यादीत स्पॅनिश व्हेरिएशन असंही एक नाव दिसतं, ते नको घेऊस, साधं स्पॅनिश घे.

झालं. आता विंडोज की धरून स्पेसबार दाबला की खाली उजव्या कोपऱ्यात इंग्लिशच्या जागी ईएसपी दिसेल, म्हणजे स्पॅनिश चालू. परत दाबलं की परत.

आता बोटांची गोष्ट. एन्ये सेमीकोलनच्या जागी, ते सांगितलंच. त्याच्या उजवीकडची जी सिंगल कोटची की, तिच्यावर डोक्यावरची तिरकी रेघ. इथे सगळे अडखळतात, कारण ती की दाबल्यावर स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कर्सर हलत नाही, माणसाला वाटतं की अडकली म्हणून तो परत दाबतो आणि मग दोन सुट्या रेघा पडतात. हिला डेड की म्हणतात, जुन्या टाइपरायटरवरून आलीय, तिथे ही की मारली की कागद पुढे सरकायचा नाही म्हणून पुढचं अक्षर बरोबर रेघेच्या खाली बसायचं. तेव्हा आधी रेघ, मग ए. आपल्या हाताला हे उलटं वाटणार, आपण आधी क मारतो मग काना देतो, स्पॅनिशमध्ये काना आधी. दोन दिवस चुकशील, तिसऱ्या दिवशी हात वळेल. हीच की शिफ्ट धरून दाबलीस तर दोन ठिपके येतात, पिंग्विनो म्हणजे पेंग्विन लिहिताना यूवर लागतात ते. उलटं उद्गारचिन्ह ¡ बॅकस्पेसच्या लगेच डावीकडे, आणि त्याच कीवर शिफ्ट धरून उलटं प्रश्नचिन्ह ¿. सरळ प्रश्नचिन्ह शून्याच्या उजवीकडे शिफ्टसकट. सेमीकोलन गेला कुठे विचारशील, तर शिफ्ट आणि कॉमा, आणि कोलन म्हणजे शिफ्ट आणि फुलस्टॉप.

पाचपाखाडीला माझी मावसबहीण राहते, तिने स्पॅनिश लावलं तेव्हा हेच सेटिंग मी तिच्याकडे बसून करून दिलं होतं. ती दर शब्दाला बोट हवेत धरून थांबायची, शेवटी मावशी आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली, त्यातली सगळ्यात बारीक लाल टिकली एलच्या शेजारी लावली आणि तिच्या शेजारी हिरवी. लाल म्हणजे एन्ये, हिरवी म्हणजे रेघ. स्टिकर मागवायची गरजच पडली नाही. बाकी जागा विसरलीस तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाब, स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो आणि तो त्या वेळी चालू असलेल्या भाषेतली अक्षरं दाखवतो, त्याचा फोटो काढून ठेव.

आता बाईंच्या लाल गोलाबद्दल. स्पॅनिशमध्ये वय सांगताना माझ्याकडे इतकी वर्षं आहेत असं म्हणतात, वर्ष म्हणजे आन्यो. एन्येची रेघ गेली की उरतो आनो, आणि आनो म्हणजे गुदद्वार. ही चूक शिकणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या हातून एकदा तरी होते, तू मनाला लावून घेऊ नकोस, पण रेघ म्हणजे वरची सजावट असं जे वाटतं ना ते मात्र मनातून काढ. हा शब्द लॅटिनमध्ये आन्नुस होता, दोन एनवाला. जुन्या हस्तलिखितांत लिहिणारे जागा वाचवायला दुसरा एन बारीक करून पहिल्याच्या डोक्यावर चढवायचे, तो झिजत झिजत लहरीसारखी रेघ झाला. म्हणजे ती रेघ स्वतःच एक अक्षर आहे. आपण वेळ लिहायचं सोडून वेल लिहू का? केळकरांना केलकर लिहिलं तर ते दारातच उभं करतील. आपल्याला ळ जसा तसा त्यांना एन्ये, अख्खं स्वतंत्र अक्षर, त्यांच्या २७ अक्षरांच्या वर्णमालेत एननंतर त्याची स्वतःची जागा आहे. स्वरांवरच्या तिरक्या रेघेचं तसं नाही, ती जोर कुठे द्यायचा ते सांगते, पण अर्थ तिथेही बदलतो. पापा म्हणजे पोप, लॅटिन अमेरिकेत बटाटाही, आणि शेवटच्या एवर रेघ दिली की बाबा. आपल्याकडे दिन आणि दीन आहेत तसं समज.

आणि या एका कीसाठी स्पेन युरोपशी भांडलाय. एन्ये नसलेला कॉम्प्युटर आमच्याकडे विकायचा नाही असा त्यांचा नियम होता, १९९१ मध्ये युरोपियन कम्युनिटीने तो व्यापारात अडथळा आहे म्हणून काढा म्हटलं, केवढा गदारोळ झाला, गाब्रिएल गार्सिया मार्केससारखा कोलंबियाचा लेखक एन्येच्या बाजूने बोलला, आणि १९९३ मध्ये स्पेनने संस्कृतीच्या मुद्द्यावर, युरोपियन युनियन ज्याने बनली त्या मास्ट्रिख्ट कराराचा आधार घेऊन कायद्यानेच एन्ये राखली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपणही ऱ आणि ॲ साठी थोडं तरी भांडायला हवं होतं, अजून कित्येक ठिकाणी दऱ्याचा दर्या होतो, आणि डोंगरातल्या दऱ्या कुठे नि समुद्र कुठे.

प्रश्न : मी ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला आहे, आमचे क्लायंट मेक्सिकोचे. आयटीच्या मुलाने मशीनवर स्पॅनिश टाकून दिलं तेव्हापासून ॲट द रेट गायब आहे, शिफ्ट दोन दाबलं की डबल कोट येतो. सोमवारी सकाळी पासवर्ड घेईना, चार-पाचदा चुकल्यावर अकाउंट लॉक झालं आणि अकरा वाजेपर्यंत नुसती बसून होते. शिवाय मध्येच कीबोर्ड आपोआप बदलतो, इंग्लिश मेल लिहितेय आणि अचानक एन्ये पडायला लागते.

उत्तर : पासवर्ड तुम्ही बरोबरच टाकत होतात, फक्त त्यात ॲट द रेट असणार आणि लॉगिनच्या स्क्रीनवर स्पॅनिश चालू असणार. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात म्हणून हे कळतच नाही. इथून पुढे रोज सकाळी टाइप करायच्या आधी कोपऱ्यात बघा, ईएसपी असेल तर विंडोज-स्पेसने बदला आणि मग टाका, शंका आली तर पासवर्डच्या शेवटी जो डोळा असतो तो दाबून बघा, पण मागे कोणी उभं नाही ना ते पाहून.

ॲट द रेट हरवलेलं नाही, त्याची जागा बदललीय. स्पेनच्या लेआउटमध्ये, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर त्या मांडणीत, ते उजवा ऑल्ट आणि दोन, लॅटिन अमेरिकन लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि क्यू. डाव्या ऑल्टने येणार नाही हे लक्षात ठेवा, उजवाच, त्याला तिकडे ऑल्ट-जीआर म्हणतात. तुम्हाला दोन्हीपैकी कुठलं टाकून दिलंय ते यावरूनच कळेल. तुमचं सगळं काम मेक्सिकोशी आहे तर लॅटिन अमेरिकन घ्या, भाषा जोडताना एस्पान्योल मेक्सिको निवडलं की तोच लेआउट येतो. एन्ये दोन्हीकडे एकाच जागी, पण तिरकी रेघ लॅटिन अमेरिकनमध्ये पीच्या लगेच उजवीकडे आहे आणि बॅकस्पेसच्या शेजारच्या कीवर उलटं प्रश्नचिन्ह बिनशिफ्टचं, उद्गारचिन्ह शिफ्टचं, म्हणजे स्पेनच्या बरोब्बर उलटं. म्हणून दोन्ही लेआउट मशीनवर ठेवूच नका, एक काढून टाका, नाहीतर हात कायम गोंधळणार.

आपोआप बदलण्याचं कारण बहुतेक डावा ऑल्ट आणि शिफ्ट. घाईत दोन्ही एकदम दाबले जातात आणि भाषा फिरते. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा, चेंज की सीक्वेन्स, आणि नॉट असाइन्ड करा. विंडोज-स्पेस तरीही चालू राहतं. त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट मेथड वापरू दे अशी एक टिक आहे, ती माझ्या मते तुमच्यासारख्यांनी करायलाच हवी, म्हणजे मेलच्या खिडकीत स्पॅनिश राहील आणि ग्राहकाची तक्रार नोंदवायच्या तिकिटाच्या खिडकीत इंग्लिश, दर वेळी फिरवायला नको.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही पण अडकाल म्हणून सांगते. आपल्याकडचे कीबोर्ड १०४ कीचे, एंटर आडवी, डावा शिफ्ट लांबलचक. तिकडचा शिफ्ट आखूड असतो आणि त्याच्या आणि झेडच्या मध्ये एक जादा की असते, तिच्यावर < आणि > ही चिन्हं. आपल्याकडे ती कीच नाही, म्हणून स्पॅनिश लेआउटमध्ये ही दोन चिन्हं काही केल्या सापडत नाहीत. ऑल्ट धरून नंबरपॅडवर ६० आणि ६२, नाहीतर तेवढ्यापुरतं इंग्लिशवर जायचं.

तुमच्या टीममध्ये कोणाला दिवसातून एखादंच ग्राहकाचं नाव लिहायला लागत असेल तर त्यांनी हे सगळं करू नये. त्यांना इंग्लिशखालीच युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल कीबोर्ड जोडून द्या. त्यात सगळ्या की छापल्याप्रमाणेच राहतात, उजवा ऑल्ट आणि एन दाबलं की एन्ये, उजवा ऑल्ट आणि ए-ई-आय-ओ-यू म्हणजे रेघेसकट स्वर, उजवा ऑल्ट आणि एक म्हणजे ¡, आणि स्लॅश म्हणजे ¿. मुख्य त्रास एक, कोटची की तिथे डेड होते, कोटनंतर स्वर आला की तो कोट खाऊन रेघ देतो, त्यामुळे कोटनंतर एकदा स्पेसबार मारायची सवय लावावी लागते. पण मुन्योस नावाच्या माणसाला मुनोस लिहून पाठवण्यापेक्षा तो त्रास परवडला, आपलं आडनाव कोणी चुकवलं की कसं लागतं ते आपल्याला माहीतच आहे.

प्रश्न : कळव्याहून लिहितोय, वय ७१. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा पुतण्याने जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून दिली, छान चालतंय. माझा मुलगा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात, सूनबाई तिथल्याच, त्यांना आठवड्याला दोन-चार ओळी त्यांच्या भाषेत लिहाव्यात अशी इच्छा आहे. पुतण्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सेटएक्सकेबीमॅप आणि पुढे ईएस असं द्यायला शिकवलं, त्याने स्पॅनिश होतं पण मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा नाही. शिवाय स्पॅनिश झालं की मराठी-इंग्लिशचं काय ते कळत नाही.

उत्तर : काका, पत्र वाचून खूप बरं वाटलं, सूनबाईंना तर किती वाटेल.

ती कमांड चुकीची नाही, पण ती चालू बसलेल्या सेशनपुरतीच असते, लॉगआउट झालात की विसरली. आणि ती दिलीत की आधीचे लेआउट बाजूला सारून एकटा स्पॅनिश बसतो, म्हणून तुमचं इंग्लिश गेल्यासारखं वाटतं. कायमचं करायचं तर मेन्यूतून सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स, तिथे अधिकचं चिन्ह दाबून स्पॅनिश जोडा, इंग्लिश सगळ्यात वर राहू द्या. पॅनेलवर भाषेचं चिन्ह येईल, त्यावर क्लिक केलं की बदलतं. मशीन चालू होतानापासूनच हवं असेल तर ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाची फाइल असते, तिच्यात लेआउटच्या ओळीत यूएस, कॉमा, ईएस असं मध्ये जागा न सोडता लिहायचं, पण ते पुतण्या आला की त्याच्याकडून करून घ्या आणि फाइलची एक कॉपी आधी बाजूला ठेवायला सांगा.

खरं विचाराल तर आठवड्याला दोन-चार ओळींसाठी लेआउट बदलायचंच कशाला असं मला वाटतं. त्याच लेआउट्सच्या पानावर ऑप्शन्समध्ये कंपोज की म्हणून एक प्रकार आहे, तिथे उजवा कंट्रोल किंवा मेन्यू की निवडा. मग ती की एकदा दाबून सोडायची, नंतर लहरीची रेघ, म्हणजे एकच्या डावीकडची की शिफ्टसकट, नंतर एन, झाली एन्ये. ती की, मग सिंगल कोट, मग ए, झाला रेघवाला ए. ती की आणि दोनदा प्रश्नचिन्ह म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह, दोनदा उद्गारचिन्ह म्हणजे उलटं उद्गारचिन्ह. तीन बोटं एकदम धरून ठेवायची कसरत नाही, एकामागून एक सावकाश दाबायचं, आणि इंग्लिश जागच्या जागी राहतं, मराठीही तुम्ही लिहिता तशीच लिहा.

प्रश्न : वाशीला आमचं डीटीपीचं काम आहे. एका गिऱ्हाइकाला स्पॅनिशमध्ये व्हिजिटिंग कार्ड हवंय, नाव मोठ्या अक्षरांत. एका कार्डासाठी कीबोर्ड बदलायचा नाही. कोड सांगा. आणि कॅपिटलवर रेघ नाही दिली तर चालतं ना?

उत्तर : नाही चालत. कॅपिटलला रेघ लागत नाही असा समज खूप जुना आहे, पण स्पॅनिश अकादमीचा नियम स्पष्ट आहे, मोठ्या अक्षरांनाही रेघ द्यायची. कोड असे, नमलॉक चालू ठेवून डावा ऑल्ट धरायचा आणि नंबरपॅडवर ०२०९ म्हणजे मोठी एन्ये, ०१९३ मोठा ए, ०२०१ ई, ०२०५ आय, ०२११ ओ, ०२१८ यू. छोट्या एन्येला नुसतं १६४ पुरतं. फक्त एक बघा, तुमच्याकडे जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट असणार, आणि त्या फॉन्टांनी हेच नंबर आपल्या काना-मात्रांच्या तुकड्यांना वापरलेत, तेव्हा तो फॉन्ट लावलेला असताना कोड मारलात तर एन्येच्या जागी भलताच देवनागरी तुकडा उमटेल. आधी टेक्स्ट बॉक्सला साधा इंग्लिश युनिकोड फॉन्ट लावा, मग कोड मारा, आणि प्लेटला जायच्या आधी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं नाव शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.